काशीची डाळ

“विश्वास बसायचा नाही तुमचा,” असं म्हटल्याशिवाय येसूने चौदा वर्षांत एकदाही डाळीचं पातेलं पंगतीत उतरवलं नव्हतं. आणि गंमत अशी, की विश्वास सगळ्यांचा बसायचा. लोणावळ्याच्या हवेत माणसाचं काय होतं कोण जाणे. मुंबईत ज्याला भाजीवालीच्या तराजूचाही भरवसा वाटत नाही, तोच गृहस्थ हवापालटाला इथे येऊन आरोग्यभुवनाच्या पाटावर मांडी घालून बसला की काहीही ऐकून घ्यायचा. मद्रासकडे सांबाराच्या हंड्यात एक आचारी पडला, तिसऱ्या दिवशी सापडला, आणि चिंचेने घासून निघाल्यामुळे तांब्याच्या घागरीसारखा लख्ख होऊन बाहेर आला, हे ऐकून तो मान डोलवायचा आणि वर म्हणायचा, “महाराज, अजून एक पळी वाढा.” सोमवारी गुजरातची गूळ-आमसुलाची डाळ, मंगळवारी मद्रासचं सांबार, बुधवारी मारवाडची पाच डाळींची, तिच्यातल्या हिंगाच्या वासाने म्हणे उंट आपणहून गुडघे टेकतात. शुक्रवारी बंगालची हरभऱ्याची, तळलेल्या खोबऱ्याचे काप घातलेली. शनिवारी पंजाबचे काळे उडीद, रात्रभर निखाऱ्यावर. रविवारी कोकणातलं वालाचं बिरडं. आणि गुरुवारी काशीची डाळ. येसू ह्या सगळ्या मुलखांतून हिंडून आला होता, निदान आरोग्यभुवनात तरी तसंच समजत. खरं म्हणजे तो एका अंगाला कर्जतच्या आणि दुसऱ्या अंगाला वडगावच्या पलीकडे कधी गेला नव्हता. वडगावला गेला तोही कचेरीत उताऱ्याच्या नकलेसाठी, आणि कर्जतला, परतताना गाडीत डुलकी लागून लोणावळ्याला उतरायचं राहिलं म्हणून.

डाळी तो शिकला तक्रारींतून. नवा पाहुणा पहिला घास घेऊन हमखास म्हणायचा, “आमच्याकडे अशी नसते.” मग येसू पळी हातात धरून, मान किंचित कलती करून उभा राहायचा. आमच्याकडे गूळ आधी घालतात. आमच्याकडे शेंगदाणे शिजतानाच टाकतात. आमच्याकडे डाळ मोडता कामा नये, दाणा दिसला पाहिजे. एक बंगाली कारकून दम्यासाठी पंधरा दिवस येऊन राहिला होता. त्याने रोज एक तक्रार केली, आणि सोळाव्या दिवशी येसूला बंगालची डाळ पाठ होती. तो कारकून गेला तसा येसू कलकत्त्याला जाऊन आला. बसल्या जागी, भटारखान्यात, दोन चुलींच्या मध्ये. मुलूख असे एकेक करून त्याच्याकडे चालत येत, आणि तो मात्र तिथेच. मागल्या दाराची पायरी, तिच्यापुढे राखेचा ढीग, कुंपणाची तार, आणि तारेपलीकडे सरळ वर चढत गेलेला औंढे गावाच्या अंगाचा डोंगर. डोंगराच्या खांद्यावर सात घरांची वाडी. तिथलं शेवटचं घर, ज्याच्या दारात एकच वाकडा आंबा आहे, ते येसूच्या आईचं. पायरीवर बसून तो डाळ निवडायचा आणि निवडता निवडता त्या आंब्याकडे बघायचा. चालत गेलं तर दीड तास. चौदा वर्षांत तो किती वेळा गेला हे बोटांवर मोजता आलं असतं, आणि गेला तोही आडवाटेने, जानवं काढून कमरेला खोचून.

कारण आरोग्यभुवनात येसू नव्हता. तिथे जगन्नाथ महाराज होते. सत्तेचाळीस साली तो पाणी भरायला म्हणून आला. तेव्हाचा आचारी एका सकाळी न सांगता निघून गेला आणि वर बावीस माणसं भुकेली. मॅनेजर दप्तरदारांनी घागर घेऊन उभ्या असलेल्या ह्या गोऱ्यागोमट्या माणसाला विचारलं, “काय रे, कुठला तू? स्वैपाक येतो?” येतो म्हणाला. “ब्राह्मण का?” तेव्हा येसू नुसता अंगावरची ओली पैरण झटकत राहिला. “जानवं कुठंय?” “विहिरीवर तुटलं,” तो म्हणाला. ही त्याची पहिली थाप. दप्तरदारांना बावीस माणसांची भूक दिसत होती. त्यांनी आपल्याच पेटीतलं एक जानवं काढून दिलं. डोंगरकोळ्याच्या पोराच्या खांद्यावर ते असं आलं आणि मग उतरेना. नाव विचारलं तेव्हा त्याने समोरच्या भिंतीवरच्या जगन्नाथाच्या तसबिरीकडे पाहिलं. गाव विचारलं तेव्हा नाशिक. घरी कोण विचारलं, तेव्हा कुणीच नाही. वडील लहानपणीच गेले, आई काशीला. काशी का म्हणाला? लांब होती म्हणून. तिथे जाऊन कुणी खात्री करणार नव्हतं म्हणून. एवढं बोलताना त्याची नजर, सवयीने, मागल्या दारातून डोंगराकडे गेली होती. आंब्याखाली काहीतरी पांढरं हललं, लुगडं असावं, वाळत घातलेलं.

पुढे त्या मरणाला पालवी फुटत गेली. पाहुण्यांना आईच्या गोष्टी आवडतात. दर गुरुवारी काशीची डाळ व्हायची आणि दर गुरुवारी मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर येसूची आई मरायची. आधी तापाने, मग ताप फिका वाटू लागला म्हणून शांतपणे, ध्यानात, मग शेवटी अशी, की तिने एक वाटी डाळ मागितली, खाल्ली, “जगन्नाथा, आता ही सगळ्यांना वाढ” म्हणाली, आणि तिने डोळे मिटले तशी गंगा घटकाभर वाहायची थांबली. गंगा थांबायची तिथे पंगतीतल्या बायका पदराला डोळे पुसायच्या. ती डाळ कसली? डोंगरातलं उडदाचं घुटं, दुसरं काय. सालासकट काळे उडीद मातीच्या तव्यावर भाजायचे, जात्यावर भरडायचे, शिजवायचे आणि लाकडी रवीने घोटायचे, हात भरून येईपर्यंत. त्याला येत असलेली ही एकच खरी डाळ. बाकीच्या सगळ्या त्याने ऐकल्या होत्या. हीच तेवढी पाहिली होती, आईच्या गुडघ्याशी बसून, रवीच्या घुमण्याबरोबर तिच्या बांगड्या वरखाली होताना.

तर त्या गुरुवारी, एकसष्ट सालच्या पौषात, दहाच्या सुमाराला बाया आली. बाया आरोग्यभुवनाला पत्रावळी पुरवायची. दर गुरुवारी कुंपणाच्या फटीतून यायची, भारा पायरीवर टाकायची, आणि “घ्या महाराज” म्हणून लांब उभी राहायची. ती येसूची धाकटी बहीण हे तिला, येसूला आणि त्या डोंगराला माहीत होतं. पत्रावळी चाळता चाळता दोघं तोंड न हलवता बोलायची: म्हातारीचा खोकला, गाईचं वासरू, कौलांतली गळती. आज तिने भारा टाकला नाही. तो डोक्यावर तसाच ठेवून ती म्हणाली, “दादा.”

मोठ्यांदा म्हणाली. चौदा वर्षांत ह्या पायरीवर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. येसूच्या परातीतले चारदोन उडीद राखेत घरंगळले.

“हळू गं.”

“म्हातारी गेली. कोंबड्याच्या टायमाला.”

वरच्या गॅलरीतून दप्तरदारांचा आवाज आला, “कोण आहे महाराज?”

“पत्रावळीवाली!” येसू ओरडला. लगेच, सवयीने, ठणठणीत आवाजात. आई गेल्याचं कळल्यावर आपल्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा, असं त्याच्या मनात आलं, आणि तो शब्द परत गिळता आला असता तर बरं झालं असतं असंही आलं.

“मातीला येतोस न्हवं?” बाया म्हणाली. “उन्हं कलायच्या आत न्यायची म्हंत्यात. भावकीतल्या कान्हूनं लाकडं आनली. मडकं कुनी धरायचं त्ये इचारत्यात समदी.”

“जेवणं व्हायचीत अजून.”

“कुनाची?”

येसू राखेतले उडीद वेचू लागला. बाया त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. “लांब हाय का लय?” ती म्हणाली. “हितनं दिसतंय की.” मग तिने भारा उतरवला, पायरीच्या कडेला नीट लावून ठेवला, आणि मागे न बघता फटीतून निघून गेली. न्हाई आलास तर कान्हू धरंल, एवढं ती तारेपलीकडून म्हणाली का ते येसूला नुसतं वाटलं, ते नक्की सांगता येत नाही.

त्याने वर पाहिलं. आंब्याजवळ माणसं जमली होती, तिळाएवढी. धूर दिसत होता, पण तो पाणी तापवण्याचा असणार. तो आत आला आणि त्याने उडीद धुतले. काय सांगून जायचं, ह्याचा विचार करू लागला. पोटात दुखतंय? दप्तरदार डॉक्टर बोलावतील. बाजारात जाऊन येतो? पंगतीच्या तोंडावर? नाशिकहून तार आली म्हणावं. पण नाशिकला त्याने कुणाला जिवंतच ठेवलं नव्हतं. चुलता नाही, मामा नाही, सगळ्यांना त्याने एकेका गोष्टीसाठी खर्चून टाकलं होतं. आणि गेलोच, तर दहाव्याला डोकं भादरावं लागेल. मग हे डोकं कुणासाठी, असं विचारतील. आई? ती तर काशीला. एकदा मेलेली आई दुसऱ्यांदा मरू शकत नव्हती. ज्या माणसाने सांबारात पडलेला आचारी सुखरूप बाहेर काढला होता, त्याला दीड तासाच्या वाटेसाठी एक थाप सुचेना. आणि खरं सांगावं? खरं सांगितलं तर वरचे शेठ लोक घशात बोटं घालून चौदा वर्षांचं जेवण ओकून काढतील, दप्तरदारांची नोकरी जाईल, आणि ह्याला कुंपणाच्या बाहेर काढतील तेव्हा बाहेर तरी कोण असेल? वाडीत येसूचं नाव निघालं की माणसं हसू दाबायची. “महाराज आलं” म्हणायची. इथली मुलगी कुणी दिली नसती, तिथली त्याला करता आली नसती. चाळिशी गेली तशीच. भटारखान्याच्या एकुलत्या खिडकीला गज होते. मांजर येऊ नये म्हणून त्यानेच बसवून घेतलेले.

उडीद शिजले तसा त्याने रवी हातात घेतली. घुम्, घुम्. आई एकदा इथे आली होती. सहा वर्षांपूर्वी, बाया बाळंत झाली होती तेव्हा पत्रावळी घेऊन तीच डोंगर उतरून आली. नेमके दप्तरदार पायरीशी उभे होते. येसूने हातानेच कडेची जागा दाखवली. “मावशी, तिकडं ठेवा,” तो म्हणाला. म्हातारीने भारा ठेवला, एकदा त्याच्याकडे, एकदा त्याच्या खांद्यावरच्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि मग, देवा, ती खाली वाकली आणि तिने त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. “व्हय महाराज,” म्हणाली. दप्तरदारांसमोर पाय मागे घेता येईनात. तिच्या कपाळाचा खरबरीतपणा त्याला घोट्याशी लागला आणि पुढे कित्येक दिवस तिथे काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं. पाय धुतले, घासले, तरी. ती थट्टा होती का खरोखरीचा नमस्कार होता, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायचं राहिलं. पुढल्या गुरुवारी बाया म्हणाली होती, म्हातारी वाटंनं एकटीच हसत आली, लय हसली. पण हसली म्हणजे काय, हसण्याचेही कितीतरी प्रकार असतात, डाळीसारखे, आणि प्रत्येकाचा मुलूख निराळा. त्या दिवशी दप्तरदार गेल्यावर त्याने तिला वाटीभर गुजरातची डाळ दिली होती. तिने बोट बुडवून चाटलं. “फोडनी लय झाली,” म्हणाली. “डाळ कुटं गावंना.”

फोडणी. रवी थांबली. चुलीवर लोखंडी पळी तापत होती, तेल घातलेलं होतं, कधी घातलं ते त्याला आठवेना. हिंग-मोहरीचा डबा उघडा होता. बाप गेला तेव्हा येसू नऊ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून त्याने स्वतःच तेल तापवायला घेतलं होतं, आणि आईने धावत येऊन त्याच्या हातातून ते भांडं हिसकलं होतं. “येड्या,” ती म्हणाली होती, “फोडनीचा आवाज झाला की गेल्यालं मानूस मागं वळून बघतंय. वाट चुकतंय त्येची.” मग दहा दिवस बिनहळदीचं, बिनफोडणीचं घुटं. राखेच्या रंगाचं. त्याला ते तेव्हा आवडलं होतं, ह्याची त्याला नंतर लाज वाटायची. आता पळीतून धूर निघू लागला. चिमूटभर मोहरी, बस्स, चौदा वर्षं हात हेच करत आला होता. त्याने मोहरी चिमटीत घेतली. तेल वाट बघत होतं. एक चर्र झालं असतं, आणि डोंगरावर, कान्हूच्या हातातल्या मडक्यामागून चालता चालता, ती थांबली असती. वळली असती. सात घरांवरून, वाकड्या आंब्यावरून, तारेवरून, राखेवरून तिची नजर खाली आली असती आणि खिडकीच्या गजांतून थेट त्याच्या खांद्यावर. वाट चुकली तर चुको, येसूच्या मनात आलं; पण बघायला नको. त्याने मोहरी डब्यात परत टाकली. पळी उतरवून राखेत पालथी केली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, हळदही घातलेली नाही. ती हाताने आधीच, त्याला न विचारता, वगळली होती.

बाराची घंटा झाली. पंगत बसली. भिंतीकडेच्या मानाच्या पाटावर कापडबाजारातले गुजराती शेठ, त्यांच्या शेजारी कालच आलेलं गिरगावचं नवराबायकोचं जोडपं, मग आणखी सातआठ. कोपऱ्यात खुर्चीटेबलावर शालूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नसे. सहा वर्षं त्या दर हिवाळ्यात यायच्या. पूर्वी कुठेकुठे नर्सची नोकरी केलेली, एकटी बाई. त्या गोष्टी सगळ्या ऐकायच्या आणि कधी हसायच्या नाहीत, कधी डोळे पुसायच्या नाहीत. गंगा थांबली तरी त्यांचा घास थांबत नसे. आणि इतर कुणी कधी अरेतुरेवर घसरले तरी त्या त्याला न चुकता “अहो महाराज” म्हणायच्या. येसूला त्यांची थोडी भीती वाटे.

“महाराज, आज गुरुवार!” शेठ म्हणाले. “आ नवा पाहुण्यांना काशीची गोष्ट सांगा. अहो वहिनी, ऐका तुम्ही. रडाल.”

“राहू द्या शेठजी आज.”

“राहू द्या कसं? डाळ आली नी गोष्ट नाही?”

गिरगावच्या वहिनी हसून वर बघत होत्या. दप्तरदार दारात उभे होते. येसू पळी धरून उभा राहिला, आणि त्याचं तोंड आपणहून उघडलं.

“विश्वास बसायचा नाही तुमचा,” तो म्हणाला. “माझी आई गेली तेव्हा मी तिच्यापाशी होतो.” हे नेहमीचंच वाक्य, पण आज ते घशातून वर येताना कडांनी ओरखडत आलं. “काशीला. मणिकर्णिकेवर. कोंबड्याच्या टायमाला…” तो थांबला. पहाटे, म्हणायचं असतं तिथे. ब्राह्ममुहूर्तावर. “पहाटे. मी तिच्या उशाशी होतो. तिने माझा हात धरला होता. खोकला होता तिला. मी पाणी पाजलं.” हे तो कधी सांगत नसे. खोकला कधी गोष्टीत आला नव्हता. “मग माणसं जमली. लाकडं आणली. मडकं कोण धरणार म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, मी आहे ना. मीच धरणार. मी आहे.”

पंगत थोडी बावरली. ही गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती.

“अने गंगा?” शेठ म्हणाले. “गंगा थांबली ते सांगा नी!”

“थांबली,” येसू म्हणाला.

शेठनी डाळीत भात कालवला, घास घेतला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “अरे महाराज, आ शुं? आज काय झालं डाळीला? रंग नाही, वघार नाही.” गिरगावच्या गृहस्थांनी बोट चाटून बायकोकडे पाहिलं. एकेकाचे हात पानावर थबकू लागले. दप्तरदार दारातून एक पाऊल पुढे आले. “विसरलात का फोडणी?”

विसरलो म्हटलं असतं तर सुटला असता. मान खाली घालून, पातेलं आत नेऊन, एक चर्र. येसूला ते कळत होतं. जेवणघराच्या खिडकीतून डोंगराचा फक्त पायथा दिसत होता. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. ऊन मात्र पाटांवरून सरकून भिंतीला लागलं होतं.

“विसरेन कसा?” तो म्हणाला, आणि आपला आवाज हसरा असल्याचं त्याला लांबून ऐकू आलं. “अहो, हीच तर खरी काशीची. आजवर तुमच्या जिभेला सोसावी म्हणून फोडणी देत होतो. विश्वास बसायचा नाही तुमचा, पण काशीत एक गल्ली आहे, शेठजी, इतकी अरुंद की डाळीचं पातेलं आडवं करून न्यावं लागतं. त्या गल्लीत तीनशे वर्षांत कुणी फोडणी दिलेली नाही. तिथल्या विश्वनाथाचे कान फार तिखट. मोहरी तडतडली की देव दचकतो, आणि देव दचकला की…”

“खोटं,” शालूबाई म्हणाल्या.

त्यांनी पान बाजूला सारलं नव्हतं. पुसून घेतल्यासारखी रिकामी झालेली वाटी त्यांच्या हातात होती, आणि त्या पंगतीकडे नाही, फक्त त्याच्याकडे बघत होत्या.

“असली गल्ली काशीत नाही, नि ही डाळही काशीची नाही. हे घुटं आहे. वडगावच्या दवाखान्यात नऊ वर्षं काढलीत मी. ह्या समोरच्या डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून बाळंतपणं केलीत. सहा वर्षं दर गुरुवारी ओळखून खाते आहे तुझ्या हातचं. आणि हे असलं, हळदीवाचून नि फोडणीवाचून, तेही खाल्लंय. माझ्या हातून बाळंतीण गेली त्या घरी, दुसऱ्या दिवशी. कोण गेलं रे तुझं? आणि इथं पळी घेऊन उभा काय राहिलायस?”